पॅच भन्नाट, गाणं अर्धवट : मॉड्युलर आणि टाइमलाइन एकत्र वापरताना क्रम कसा ठेवायचा

संगणकावर संगीत करणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकाच वळणाची असते : "पॅच मस्त वाजतोय, पण गाणं काही पुढे सरकत नाही." पॅच म्हणजे आवाज घडवणारे सुटे भाग, म्हणजे मॉड्युलं, जोडून केलेली मांडणी. प्रोजेक्ट उघडून बघावा तर एका ट्रॅकवर तीसेक मॉड्युलं, केबलींचा गुंता आणि टाइमलाइनवर आठ बारची (बार म्हणजे सहसा चार मात्रांचा गट) एकुलती एक क्लिप. याच्या बरोबर उलटी मंडळीही भेटतात. त्यांची अरेंजमेंट पूर्ण असते, पण फिल्टर (आवाजातला काही भाग गाळणारा घटक) जरा डुलता राहावा म्हणून ऑटोमेशनच्या, म्हणजे नॉबचे बदल टाइमलाइनवर आखायच्या, लेनवर हाताने शेकडो ठिपके मारलेले असतात. एका एलएफओचं, म्हणजे नॉब आपोआप खालीवर हलवणाऱ्या संथ लहरीचं, काम, आणि त्यात अख्खी संध्याकाळ गेलेली.

दोघांचंही गणित क्रमात चुकतं. मॉड्युलर भागाकडून आवाज आणि हालचाल घ्यायची, कुठे काय वाजणार हे टाइमलाइनवर ठरवायचं. या दोहोंच्या मधे पॅच ऑडिओ म्हणून रेकॉर्ड करण्याची एक पायरी आहे, आणि नेमकी तीच सगळे गाळतात.

इथे 'मॉड्युलर' म्हणजे सुटे भाग स्वतः जोडून आवाज किंवा हालचाल घडवण्याची सोय, मग जोडणी केबलीने असो वा मॅपिंगने. 'पारंपरिक' म्हणजे ट्रॅक, क्लिप, मिक्सर आणि डावीकडून उजवीकडे धावणारी टाइमलाइन.

## पायरी १ : सॉफ्टवेअर उघडण्याआधी कामाची वाटणी

कागद घ्या. गाण्यात जे जे हलायला हवं आहे ते लिहून काढा : बेसचा फिल्टर, पॅडचं पॅनिंग, हाय-हॅटचा कमीजास्त जोर, शेवटच्या भागात वाढत जाणारा रिव्हर्ब. मग प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा : हा बदल गाण्यात ठरावीक जागी एकदाच होतो, की सतत चालू राहतो?

ठरावीक जागी होणारा बदल ऑटोमेशनने करा. सतत चालणारा, किंवा दुसऱ्या कशाला तरी प्रतिसाद देणारा बदल मॉड्युलेटरकडे, म्हणजे एलएफओसारख्या नॉब आपोआप हलवणाऱ्या भागाकडे, द्या. आणि मुळात आवाजच अजून हाताशी नसेल, तर तेवढ्यापुरता पॅच बांधा.

इथली हमखास चूक सांगतो. गाण्याच्या वरच्या भागाआधी फिल्टर सोळा बारभर हळूहळू उघडायचा आहे. लोक त्यासाठी अतिसंथ एलएफओ लावतात आणि तो नेमक्या बारला शिखरावर यावा म्हणून तासभर फेज (लहर आवर्तनात कुठे आहे ती जागा) जुळवत बसतात. ऑटोमेशनची एक तिरकी रेघ ओढा, काम संपलं. हॅटचा जोर मात्र एकेका नोटेला हाताने बदलू नका, तिथे लहानसा रँडम मॉड्युलेटर पुरतो.

तपासा : यादीत पॅच बांधण्याजोग्या तीनहून जास्त गोष्टी निघाल्या असतील, तर उरलेल्या पुढच्या गाण्यासाठी ठेवा. हा माझा स्वतःपुरता नियम आहे, पण तो मोडला तेव्हा गाणं अडकलंच आहे.

## पायरी २ : पॅचसाठी वेगळा प्रोजेक्ट

गाण्याच्या प्रोजेक्टमध्ये पॅच बांधायला बसू नका. वेगळी फाइल उघडा आणि पहिली केबल ओढण्याआधी एवढं करून घ्या.

१. टेम्पो आणि सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाची किती मोजमापं) गाण्याच्या प्रोजेक्टशी जुळवा. गाणं ४८ किलोहर्ट्झवर असेल तर पॅचही ४८ वर.

२. बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, ५१२ सॅम्पलवर ठेवा. ४८ किलोहर्ट्झला हे सुमारे १०.७ मिलिसेकंद होतात. कीबोर्ड वाजवताना हा उशीर बोटांना जाणवू शकतो, पण पॅच बांधताना तुम्ही माउसनेच काम करता. वाजवायची वेळ आली की १२८ वर या, म्हणजे २.७ मिलिसेकंद.

३. मास्टरवर शेवटी लिमिटर लावा. रेझोनन्स आणि फीडबॅक कधी किंचाळतील याचा नेम नसतो.

४. पॅचच्या ट्रॅकचा आवाज आत घेणारा एक ऑडिओ ट्रॅक आत्ताच तयार करून रेकॉर्डिंगला सज्ज ठेवा. नंतर करू म्हटलं की राहूनच जातं.

सावधान : लिमिटर असला तरी नवी केबल जोडताना हेडफोनचा आवाज खाली असू द्या. लिमिटर आवाजाला कमाल मर्यादा घालतो, पण त्या मर्यादेवरची सततची शिट्टीसुद्धा कानाला महागात पडते.

कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये काय आहे ते थोडक्यात. बिटविगमध्ये मॉड्युलेटर जवळपास कुठल्याही डिव्हाइसला चिकटवता येतात आणि सुट्या मॉड्युलांसाठी ग्रिड आहे. एबलटन लाइव्हमध्ये हे काम मुख्यतः मॅक्स फॉर लाइव्हकडे असतं, आणि ते स्वीट (Suite) आवृत्तीत समाविष्ट आहे. रीझनमध्ये टॅब दाबला की रॅकची मागची बाजू आणि केबली दिसतात. एफएल स्टुडिओत पॅचर आहे. रीपरमध्ये प्लगइनच्या (आत जोडलेल्या वाद्याच्या किंवा इफेक्टच्या) पॅरामीटरला एलएफओ लावण्याची सोय आतच आहे, फक्त ती शोधावी लागते. व्हीसीव्ही रॅकची मोफत आवृत्ती स्वतंत्र प्रोग्राम म्हणून चालते. ती प्लगइन म्हणून हवी असेल तर प्रो आवृत्ती लागते. हे माहीत नसल्यामुळे प्लगइनच्या फोल्डरमध्ये ती शोधत बसलेले बरेच जण मी पाहिले आहेत.

## पायरी ३ : एकच मॉड्युलेटर, एकच नॉब

नव्याने शिकणाऱ्याने थेट रिकाम्या ग्रिडवर जाऊ नये. ओळखीचा सिंथ घ्या, ओळखीचा आवाज लावा आणि फक्त फिल्टरच्या कटऑफला (जिथून फिल्टर गाळायला लागतो ती जागा) एक एलएफओ जोडा. ही पायरी नीट पार पडली की पुढचं निम्मं काम कळतं, म्हणून इथे घाई नको.

समजा कटऑफ ८०० हर्ट्झवर आहे आणि एलएफओची डेप्थ (हालचालीचा पल्ला) दोन सप्तकं आहे. एलएफओ बायपोलर असेल, म्हणजे मधल्या किमतीच्या दोन्ही बाजूंना हलणारा, तर कटऑफ २०० ते ३२०० हर्ट्झ असा झुलेल. तोच युनिपोलर केला की ८०० ते ३२०० एवढाच, फक्त वरच्या बाजूला. डेप्थचा आकडा तोच, ऐकायला मात्र दोन वेगळ्या गोष्टी. "एलएफओ लावला आणि आवाज एकदम दबला" असं वाटलं, तर आधी ही सेटिंग पाहा.

आता कटऑफचा नॉब जवळजवळ वरच्या टोकाला नेऊन ऐका. हालचालीचा वरचा अर्धा भाग सपाट झालेला ऐकू येईल, कारण फिल्टरला वर जायला जागाच उरलेली नाही. अशा वेळी लोक डेप्थ आणखी वाढवतात आणि आवाज आणखी विचित्र होतो. खरं तर नॉब खाली आणायला हवा. आधी मधली किंमत ठरवा, डेप्थ नंतर.

दुसरी अडचण नॉबच्या मालकीची आहे. बिटविगमध्ये मॉड्युलेशन मूळ किमतीवर अधिक-उणे होतं, त्यामुळे नॉब तुमच्या हातात राहतो. लाइव्हमध्ये एलएफओ 'रिमोट' पद्धतीने मॅप केला तर त्या नॉबचा ताबा एलएफओकडे जातो आणि तुम्हाला तो फिरवता येत नाही. लाइव्ह १२ मध्ये मूळ किमतीभोवती हलवणारा पर्यायही आहे, जमेल तिथे तोच घ्या.

तपासा : एलएफओ बंद करा. आवाज तेवढ्यानेही बरा वाटतो का? मूळ आवाजातच दम नसेल तर हालचालीने तो फक्त हलतो, दमदार होत नाही.

## पायरी ४ : पॅच मागून पुढे बांधा

आता रिकाम्या ग्रिडवर. बहुतेक जण आधी सिक्वेन्सर (नोटा क्रमाने वाजवणारं मॉड्युल) मांडतात, मग रँडम, मग क्वांटायझर (किमती स्वरांवर बसवणारं मॉड्युल), आणि अर्ध्या तासाने कळतं की आवाजच येत नाहीये. चूक कुठे आहे ते शोधायला तोवर दहा जागा तयार झालेल्या असतात.

त्याऐवजी स्पीकरच्या टोकाकडून सुरुवात करा.

१. ऑसिलेटर, म्हणजे मूळ सूर काढणारं मॉड्युल, थेट आउटपुटला जोडा. सलग सूर ऐकू आला पाहिजे.

२. मधे फिल्टर घाला. कटऑफ हाताने फिरवून फरक ऐका.

३. त्यापुढे व्हीसीए घाला, म्हणजे आवाजाची पातळी उघडझाक करणारं मॉड्युल. आता बऱ्याच व्हीसीएंत शांतता होईल, आणि ती चूक नाही.

४. व्हीसीएला एन्व्हलप (नोटेची चढ-उतार ठरवणारं मॉड्युल) जोडा, एन्व्हलपला कीबोर्डचं गेट (कळ दाबल्याचा संकेत) द्या. कळ दाबली की आवाज, सोडली की बंद.

५. आता कुठे सिक्वेन्सर, एलएफओ, रँडम.

दर पायरीला ऐकत गेलात तर चूक नेहमी शेवटच्या केबलीतच सापडते.

केबल कुठलीही कुठेही जाते, पण तिच्यातून वाहणाऱ्या गोष्टी वेगवेगळ्या असतात : ऑडिओ, सुराची किंमत, गेट आणि मॉड्युलेशन. तीन गल्लती मला वारंवार दिसतात.

पहिली, गेटऐवजी ट्रिगर. गेट कळ दाबलेली असेतोवर चालू राहतं, ट्रिगर क्षणभराचा असतो. एन्व्हलपला ट्रिगर दिला तर सस्टेनचा नॉब कितीही वाढवा, नोट टिकत नाही. मग लोक एन्व्हलप बिघडला म्हणून तीन एन्व्हलप बदलून पाहतात.

दुसरी, सुराच्या इनपुटला थेट एलएफओ. व्हीसीव्ही रॅकमध्ये सुराचं माप एका व्होल्टला एक सप्तक असं आहे. अधिक-उणे ५ व्होल्टचा एलएफओ थेट जोडलात तर सूर दोन्ही बाजूंना पाच-पाच सप्तकं धावतो, अगदी सायरन. कंपनासाठी अर्ध्या सेमिटोनइतकी हालचाल पुरते, म्हणजे सुमारे ०.०४ व्होल्ट. मधे ॲटेन्युएटर (संकेताची पातळी कमी करणारं मॉड्युल) घालून तो जेमतेम एका टक्क्यापर्यंत खाली आणावा लागतो.

तिसरी, क्वांटायझरची जागा. रँडममधून सुरावट काढताना क्रम असा : रँडम, मग पल्ला कमी करणारा ॲटेन्युएटर, मग क्वांटायझर, मग ऑसिलेटर. क्वांटायझरनंतर ॲटेन्युएटर घातला की नीट स्वरांवर बसवलेल्या किमती पुन्हा आकसतात आणि सगळं बेसूर होतं. स्केल तपासून तपासून माणूस थकतो, स्केल मात्र बरोबरच असते.

सावधान : एकच आवाज दोन वाटांनी नेऊन पुन्हा मिसळत असाल तर वाटांची लांबी पाहा. व्हीसीव्ही रॅकमध्ये प्रत्येक केबल एका सॅम्पलचा उशीर घालते. एका वाटेत नऊ केबली जास्त असतील तर ४८ किलोहर्ट्झला ०.१९ मिलिसेकंदांचा फरक पडतो. ऐकायला क्षुल्लक, पण दोन्ही वाटा सारख्या पातळीवर मिसळल्या की २६६७ हर्ट्झच्या आसपास पहिला खड्डा पडतो आणि आवाज पोकळ वाटू लागतो. इक्वलायझरने तो भरायला जाऊ नका, वाटा सारख्या करा.

## पायरी ५ : घड्याळ एकच ठेवा

पॅच एकटा छान वाजतो, गाण्यात घातला की लंगडतो. कारण बहुतेकदा वेळेचं असतं.

१२० बीपीएमला (मिनिटाला १२० मात्रा) चार मात्रांचा एक बार बरोबर दोन सेकंदांचा होतो. म्हणून कुणी एलएफओ ०.५ हर्ट्झवर ठेवतं, आणि तो बारला जुळल्यासारखा वाटतो. मग गाण्याचा टेम्पो १२६ होतो. बार आता १.९०५ सेकंदांचा, एलएफओ मात्र जुन्याच चालीने. साधारण दहा-अकरा बारमध्ये तो अर्ध्या आवर्तनाने मागे पडतो, म्हणजे फिल्टर जिथे उघडायचा तिथे बंद. एलएफओचा वेग हर्ट्झमध्ये न ठेवता बार किंवा मात्रांमध्ये ठेवा.

एवढ्याने भागत नाही. वेग जुळला तरी सुरुवात जुळायला हवी. एलएफओ मोकळा फिरत असेल तर सतराव्या बारपासून प्ले केल्यावर त्याची फेज वेगळी आणि पहिल्यापासून केल्यावर वेगळी. ट्रान्सपोर्ट (प्ले) सुरू होताच किंवा नोट येताच रीट्रिगर होण्याची, म्हणजे आवर्तन नव्याने सुरू करण्याची, सेटिंग शोधून चालू करा. कॉर्डच्या पॅडला नोटेगणिक रीट्रिगर दिलात तर एलएफओ प्रत्येक व्हॉइसला (वाजणाऱ्या प्रत्येक नोटेला) स्वतंत्र आहे की सगळ्यांना मिळून एक, तेही पाहा. स्वतंत्र असेल तर मागून आलेल्या नोटांचे फिल्टर मागून उघडतात. कधी ते सुरेख लागतं, कधी कॉर्ड फाटल्यासारखी वाटते.

मुद्दाम वेगळ्या लांबीचे सिक्वेन्स लावायचे असतील तर आधी आकडेमोड करा. सोळांशाच्या ५ पायऱ्यांचा सिक्वेन्स १६ पायऱ्यांच्या बारवर चालवला तर दोन्ही ८० पायऱ्यांनी, म्हणजे पाच बारने, पुन्हा एकत्र येतात. तुमचा गाण्याचा भाग आठ बारचा असेल तर जोड मधेच पडेल. भागाच्या सुरुवातीला सिक्वेन्सरला रीसेट द्या, किंवा ती सरकती चाल हवीच आहे असं ठरवून पुढे जा.

तपासा : तोच भाग तीन वेळा, तीन वेगळ्या जागांपासून प्ले करा. तिन्ही वेळा सारखा वाजला तर घड्याळ जागेवर आहे. रँडम असेल तर सुरावट वेगळी येईल, पण ठोके तेच हवेत.

## पायरी ६ : रेकॉर्ड करा, आणि लगेच करा

एकदा मी एका कामासाठी पार्श्वसंगीताचा तुकडा थेट चालू पॅचवरून एक्सपोर्ट करून पाठवला. आवडला. दोन दिवसांनी निरोप आला, "तेच ठेवा, फक्त शेवटचे चार सेकंद कमी करा." प्रोजेक्ट उघडला, शेवट कापला, एक्सपोर्ट केला, तर सुरावट भलतीच. रँडम मॉड्युलने नवे आकडे काढले होते. जुनी फाइल हाताशी होती म्हणून तिच्यावरच कात्री चालवून वेळ निभावली. प्रत्येक वाद्याचा वेगळा ट्रॅक मागितला असता तर माझ्याकडे द्यायला काही नव्हतं.

म्हणून पॅच पूर्ण होण्याची वाट न पाहता, तो मला ऐकावासा वाटला की रेकॉर्ड करायचं.

१. किमान ६४ बार सलग घ्या. १२० बीपीएमला ही जेमतेम दोन मिनिटं आठ सेकंद आहेत.

२. या वेळात दोन किंवा तीन नॉब हाताने फिरवा. जास्त नको, नाहीतर काय कशामुळे झालं ते नंतर आठवत नाही.

३. रिव्हर्ब आणि डिले बंद ठेवून घ्या, किंवा ते वेगळ्या ट्रॅकवर घ्या. शेपट्या ऑडिओत भिनल्या की कापताना प्रत्येक जोडावर अर्धवट तुटतात.

४. पॅच स्वतः नोटा तयार करत असेल आणि तुमचं सॉफ्टवेअर त्या मिडी (आवाज नव्हे, फक्त नोटांची नोंद) म्हणून बाहेर देत असेल, तर मिडीही रेकॉर्ड करा. पुढे सूर बदलायचा झाला तर हाच आधार.

५. पातळी अशी ठेवा की शिखरं उणे १२ ते उणे ६ डेसिबलदरम्यान राहतील.

६. रेकॉर्डिंगच्या वेळी मास्टरचा लिमिटर फाइलमध्ये शिरत नाही ना, ते बघा. ऑडिओ ट्रॅकचं इनपुट पॅचच्या ट्रॅकवरून हवं, मास्टरवरून नको.

सावधान : 'फ्रीझ' (ट्रॅक तात्पुरता ऑडिओत गोठवणं) करून थांबू नका. अनफ्रीझ केलं की पॅच पुन्हा जिवंत होतो आणि रँडमही त्याच्याबरोबर. बाउन्स केलेली, म्हणजे ऑडिओ म्हणून बाहेर काढलेली, फाइल वेगळी हवी.

## पायरी ७ : कात्री

ही ऑडिओ फाइल आता गाण्याच्या प्रोजेक्टमध्ये आणा. पॅच आणू नका.

एकदा पूर्ण ऐका, हात न लावता. दुसऱ्यांदा ऐकताना आवडलेल्या जागी मार्कर टाका. ६४ बारमधून चार-पाच तुकडे हाती लागले तरी पुष्कळ. सगळंच आवडलं असेल तर बहुधा पॅचची मेहनत आठवून आवडतंय. दुसऱ्या दिवशी ऐका.

कापताना शून्य-छेदावर (लहर शून्याची रेषा ओलांडते तिथे) कापा किंवा दोन ते पाच मिलिसेकंदांचा फेड द्या, नाहीतर जोडावर टिक ऐकू येते. मग तुकडे मांडा : पहिल्या भागात साधा, मधल्या भागात जास्त हालचालीचा, कुठे एकदम गायब. इथून पुढे हे नेहमीचं अरेंजमेंटचं काम आहे आणि त्यात मॉड्युलर काहीच नाही.

## पायरी ८ : मिक्समध्ये काय जिवंत ठेवायचं

सगळंच गोठवायची गरज नाही. टेम्पोशी बांधलेले आणि रीट्रिगर होणारे मॉड्युलेटर, किकला ऐकून बेस दाबणारी साइडचेन, मिक्समधला ऑटो-पॅन, हे चालू राहू द्या. दर वेळी ते सारखंच वागतात.

यांच्यावर ऑटोमेशन काढताना लोक कटऑफच्या नॉबवरच रेघ ओढतात आणि एलएफओशी झटापट सुरू होते. रेघ डेप्थवर ओढा. पहिल्या भागात डेप्थ शून्य, दुसऱ्यात थोडी, शेवटी पूर्ण. कटऑफ कुठे आहे ते तुम्ही ठरवता, तो किती डुलणार ते टाइमलाइन ठरवते.

## पायरी ९ : पॅच जपून ठेवणं

पॅचच्या प्रोजेक्टला गाण्याचं नाव, टेम्पो आणि क्रमांक द्या. प्रीसेट वेगळा सेव्ह करा. तिसऱ्या कुणाची मॉड्युलं वापरली असतील तर त्यांची नावं आणि आवृत्त्या एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहून त्याच फोल्डरमध्ये टाका. मॉड्युल सापडलं नाही की पॅच उघडताना त्या जागी भोक राहतं, आणि तिथे काय होतं ते सहा महिन्यांनी आठवत नाही.

रेकॉर्ड केलेले ६४ बार पूर्ण ठेवा, कापलेले तुकडे वापरून झाले तरी. शेवटचे चार सेकंद कमी करा असा निरोप केव्हाही येतो.